अंजिराला नवरदेव लागत नाही

मागच्या अंकात आमच्या सासवडकडच्या अंजिरांबद्दल चार ओळी काय लिहिल्या, या महिन्याचं निम्मं टपाल अंजिरावरच आलं. त्यातही परागीभवनाची काळजी बऱ्याच जणांना लागून राहिलेली दिसते. म्हणून या वेळी सगळी जागा अंजिरालाच. लिंबावरच्या अळ्या आणि जळालेल्या तुळशी पुढच्या महिन्यात बघू.

नाशिकहून एक निवृत्त अभियंता लिहितात : ताई, माझ्याकडे दोन वर्षांचं पुना अंजिराचं झाड आहे. एका ऑनलाइन नर्सरीवाल्याने सांगितलं की शेजारी नर झाड लावल्याशिवाय फळ धरणार नाही, आणि नर रोपाचे साडेसातशे रुपये मागितले. नर मिळालाच नाही तर ब्रशने किंवा इंजेक्शनच्या सुईने पराग आत घालता येतील का? कृती सविस्तर कळवावी.

साडेसातशे रुपये खिशातच राहू द्या, काका. पुना अंजीर परागीभवनाशिवाय फळतं. दिवे, सोनोरी, गुऱ्होळी, वाघापूर, राजेवाडी अशी पुरंदरमधली गावंच्या गावं अंजिरावर उभी आहेत, पण बांधावर नर म्हणून कुणी झाड लावत नाही. त्याच पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

नर्सरीवाल्याने अगदीच थाप मारली असं नाही. अंजीर म्हणजे आतबाहेर उलटा केलेला फुलांचा गुच्छ. शेकडो बारीक फुलं आतल्या भिंतीला चिकटलेली आणि ये-जा करायला एकच भोक, त्याला आपण डोळा म्हणतो. ब्लास्टोफागा नावाची, गांधीलमाशीच्या गोतावळ्यातली, जेमतेम दोन मिलिमीटरची माशी नर झाडाच्या अंजिरात जन्मते, अंगाला पराग माखून बाहेर पडते आणि मादी झाडाच्या अंजिरात डोळ्यातून शिरते. तुर्कस्तानात आयदिनच्या बाजूला जे सुकवायचं अंजीर होतं, त्याला या माशीवाचून गत्यंतर नाही. तिथले बागाईतदार जूनमध्ये नर अंजिरं दोऱ्यात ओवून मादी झाडांच्या फांद्यांना टांगतात. तुमच्या नर्सरीवाल्याने गोष्ट आयदिनची सांगितली आणि गिऱ्हाईक नाशिकचं धरलं.

हाताने पराग घालता येतात का? येतात. १८८०च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या लोकांनी तुर्कस्तानातून स्मर्ना अंजिराची कलमं नेऊन लावली. झाडं डेरेदार झाली, पण फळं अंगठ्याएवढी व्हायची आणि गळून पडायची. तुर्कांनी रद्दी कलमं गळ्यात मारली असा संशय लोक घेऊ लागले. १८९० मध्ये फ्रेस्नोच्या जॉर्ज रोडिंग यांनी नराचे पराग हाताने डोळ्यातून आत घातले, तेव्हा तेवढीच फळं टिकली आणि पिकली. पण बागेतलं एकेक फळ हाताने कोण करत बसणार? अल्जीरियातून आणलेली माशी १८९९ मध्ये तिथे रुजली आणि मगच धंदा उभा राहिला. त्या अंजिराला पुढे कॅलिमिर्ना म्हणू लागले.

हा सगळा खटाटोप स्मर्ना जातीसाठी होता. तुमच्या झाडाला त्याची गरज नाही, आणि सुईने डोळा उसवलात तर त्या वाटेने मुंग्या आणि बुरशी आत शिरून फळ आंबेल, एवढंच पदरात पडेल.

ब्रशची हौसच असेल तर सीताफळाकडे वळा. त्याचं फूल आधी मादी असतं आणि नंतर नर होतं, म्हणून आपलेच पराग त्याला वेळेवर मिळत नाहीत आणि ढीगभर फुलं गळतात. पाकळ्या पुऱ्या फाकलेल्या फुलातले पराग सकाळीच एका वाटीत झाडून घ्या. पाकळ्यांची नुसती फट दिसायला लागलेली फुलं शोधा आणि मऊ ब्रशने पराग फुलाच्या मधोमध असलेल्या उंचवट्यावर, म्हणजे मादी भागावर, चहूबाजूंनी फिरवा. एकाच बाजूला लावलेत तर फळ वाकडं होतं. तिथे तुमच्या चिकाटीचं चीज होईल. आणि अंजिराचं झाड दोनच वर्षांचं आहे, त्याला तिसरं लागू द्या.

छत्रपती संभाजीनगरहून एक शिक्षिका : वाण्याकडच्या सुक्या अंजिराचं बी मुलांना दाखवायला म्हणून पेरलं होतं. त्याचं झाड आता माझ्या उंचीच्या वर गेलंय. दोन वर्षं फळं येतात, सुपारीहून थोडी मोठी होतात, पिवळी पडून सुरकुततात आणि गळतात. खत, पाणी, फवारणी सगळं झालं. काय कमी पडतंय?

तुमच्याकडून काहीच कमी पडलेलं नाही. इतर सगळ्यांच्या बाबतीत मी परागीभवनाला नाही म्हणणार आहे, तुमच्या झाडाला मात्र खरोखर तेच हवं होतं.

बी उगवलं यातच सगळं आलं. पुना अंजिरातल्या बिया आतून पोकळ असतात, पाण्यात टाकल्या की तरंगतात, पेरून काही उगवत नाही. परागीभवनच झालेलं नसतं, मग बीज धरणार कसं? तुमचं बी रुजलं, म्हणजे ते फळ जिथून कुठून आलं तिथे माशी आत जाऊन आलेली होती. तुर्कस्तान आणि इराणमधलं बरंचसं सुकं अंजीर अशाच जातीचं असतं.

आता त्या बियांतून जी झाडं होतात त्यांतली साधारण निम्मी नर निघतात. उरलेल्या माद्यांतल्या बहुतेक आईच्या वळणावर जातात, म्हणजे माशी आली तरच फळ धरून ठेवणार, नाही तर सोडून देणार. आणि आपल्याकडे ती माशी नाही. तुमची फळं सुपारीएवढी होऊन गळतात, हे त्याचंच लक्षण.

एक करून बघा. पुढच्या वेळी गळायच्या आधी एक फळ उभं चिरा आणि डोळ्याच्या आतल्या कडेला निरखून पाहा. तिथे पुंकेसरांची झालर दिसली तर झाड नर आहे. सगळीकडे एकसारखी बारीक फुलं दिसली तर मादी. मुलांना दाखवायला यापेक्षा चांगला धडा नाही, पण खायला दोन्हींचा उपयोग शून्य.

झाड तोडू नका मात्र. एवढी मुळं तयार आहेत, त्यावर चांगल्या जातीचं पाचर कलम करा. जानेवारीत झाड सुस्त असतं तेव्हा खोड कंबरेएवढं ठेवून कापा. कापल्याबरोबर कलम भरायला जाऊ नका, आधी चीक वाहू द्या आणि फडक्याने टिपत राहा. चिकाचा थर मध्ये राहिला की कलम धरत नाही, आणि घरगुती कलमं मरतात ती बहुतेक इथेच. चीक ओसरला की पेन्सिलीएवढी काडी पाचर करून साल सालीला भिडवून बसवा आणि पट्टी आवळून बांधा. हातमोजे घाला, त्या चिकाने कातडी भाजल्यासारखी लाल होते. काडी कुठली घ्यायची ते काय सांगू तुम्हाला? दौलताबाद तुमच्या उशाशी आहे, आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाचं दिनकर हे वाण तिकडच्याच अंजिरांतून निवडलेलं आहे.

सांगलीहून एक भगिनी : आमच्या घरात अंजीर वर्ज्य आहे. सुनेने कुंडीत झाड लावलंय आणि म्हणते, यात किडा नसतो. खरं काय? शेजारच्या आवारात उंबर आहे, त्यातली चिलटं अंजिरात येतील का, हीसुद्धा शंका आहे.

उंबराचं आधी. वड, पिंपळ, उंबर, अंजीर हे सगळे भाऊबंद, पण प्रत्येकाची माशी वेगळी. उंबर फोडला की भुर्रकन उडतात ती चिलटं उंबराचीच. ती अंजिरात संसार मांडत नाहीत.

सुनेच्या कुंडीत पुना अंजीर असेल तर तिचं म्हणणं बरोबर आहे. झाडावर पिकून फुटलेलं फळ राहिलं तर डोळ्यातून मुंग्या, फळमाश्या जातील, पण त्या पेरू-आंब्यातही जातात. परदेशी सुक्या अंजिराचं मात्र वेगळं आहे. तिथे माशी शिरते, शिरताना पंख तुटतात, मादी फळातल्या फुलांत तिला अंडी घालता येत नाहीत आणि ती आतच मरते. फळ पिकेपर्यंत ती विरून गेलेली असते. दाताखाली कुरकुरतं ते बी.

तुमच्याकडे, म्हणजे जैन आचारात, पंच-उदुंबरांचा (वड, पिंपळ, उंबर अशा पाच झाडांच्या फळांचा) त्याग सांगितलेला आहे आणि त्याचा विचार या एका माशीपुरता नाही, हे मला ठाऊक आहे. वनस्पतीचं मी सांगितलं. खायचं की नाही हे घरात ठरवा, आणि माझं नाव पुढे करून सुनेशी किंवा सासूशी वाद घालू नका.

अमेरिकेत सिएटलजवळच्या रेडमंडहून एक वाचक : आत्या, तुमचं सदर आई मला फोटो काढून पाठवते. इथल्या नर्सरीतून डेझर्ट किंग नावाचं अंजीर आणून अंगणात लावलं. पुण्यात आजोबा करायचे तशी दर हिवाळ्यात कडक छाटणी करतो. उन्हाळ्यात पानं भरपूर येतात, फळं उशिरा येतात आणि सगळी गळतात. शेजाऱ्याचं तेच झाड ऑगस्टमध्ये लगडलेलं असतं, आणि तो तर कात्रीसुद्धा लावत नाही!

आजोबांची पद्धत आजोबांच्या झाडाला बरोबर होती, बाळा. पुना अंजीर छाटणीनंतर येणाऱ्या नव्या फुटीवर फळतं, म्हणून आम्ही निर्दयपणे छाटतो. डेझर्ट किंगचं उलटं. त्याला वर्षातून दोनदा फळ लागतं. पहिलं गेल्या वर्षीच्या जुन्या लाकडावर येतं, त्याला परागीभवन लागत नाही आणि ते तुमच्याकडे जुलैअखेर-ऑगस्टमध्ये पिकतं. दुसरं नव्या फुटीवर येतं आणि त्याला माशी लागते. तुमच्या भागात माशी नाही, म्हणून ते गळतं, आणि कितीही काही केलंत तरी गळणारच. म्हणजे जे येणार होतं ते तुम्ही हिवाळ्यात कापून टाकता आणि जे येऊच शकत नाही त्याची वाट बघता.

या हिवाळ्यात कात्री पेटीत ठेवा. फांद्यांच्या टोकाला, पानं झडल्यावर, मिरीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतील, त्याच पुढच्या उन्हाळ्याची अंजिरं. झाड फार पसरलं तर दरवर्षी एखादी जुनी फांदी बुंध्यापासून काढा, बाकीच्यांचे शेंडे राखा. कॅलिफोर्नियात कुणी नातलग असतील तर त्यांच्या अंगणातल्या अंजिरांशी तुलना करू नका, तिकडे रानात नर झाडं पसरलेली आहेत आणि माशीही आहे.

पुण्यात कोथरूडहून, गच्चीवर बाग करणाऱ्या एक ताई : अर्ध्या पिंपात अंजीर आहे. पानं सुपाएवढी, फळ एक नाही. दर पंधरा दिवसांनी शेणखताची स्लरी देते, शिवाय चिमूटभर युरिया.

युरिया बंद. आजपासून. स्लरीही दोन महिन्यांतून एकदा पुरे. झाड खाऊनपिऊन सुस्तावलंय, त्याला फळायची गरजच वाटत नाही. अंजीर हे मुळात मुरमाड, चुनखडीच्या, निचऱ्याच्या जमिनीतलं झाड. आमच्याकडे ज्या रानात ज्वारीसुद्धा रडत येते तिथे अंजीर हसतं. पिंपात निम्मी माती, बाकी मुरूम-वाळू आणि थोडं शेणखत असं असावं, आणि तळाची भोकं बुजलेली नाहीत ना ते हात घालून बघा.

मग बहाराचं. अंजिराला दोन बहार. पावसाळ्याच्या ओलीत पोसला जातो तो खट्टा, उन्हाळ्याच्या तोंडाला पिकतो तो मीठा. गच्चीवर मिठ्याच्याच मागे लागा. पाऊस उघडला की पाणी एकदम तोडू नका, पण निम्म्यावर आणा. कुंडीतलं झाड शेतातल्याइतका ताण सोसत नाही. पानं पिवळी पडून गळायला लागली की ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात छाटणी करा. गेल्या वर्षीच्या प्रत्येक फांदीवर दोन-तीन डोळे (फळाचा डोळा नव्हे, फांदीवरच्या फुटीच्या जागा) ठेवायचे, बाकी जाऊ द्यायचं. जीव तुटतो, कळतं मला, पण फळ येतं ते नव्या फुटीच्या पानांच्या बेचक्यात, आणि कापल्याशिवाय ती फूट जोमाने निघत नाही. छाटणीनंतर कंपोस्ट, थोडी राख आणि मोकळं पाणी. पानाच्या देठाशी बारीक हिरवी गोळी दिसली की तेव्हापासून फळ हातात यायला चार-साडेचार महिने धरा.

या चार महिन्यांत पाण्याचा नियम मोडायचा नाही. आठवडाभर सुकवून मग बादलीभर ओतलं की फळ तडकतं. गावाला जाणार असाल तर शेजारणीला किल्ली देऊन जा. ऊन किमान सहा तास लागेल. टाकीच्या सावलीत पिंप ठेवलं असेल तर वर लिहिलेलं सगळं व्यर्थ.

एक फांदी नुसतीच लांब वाढत असेल आणि बाजूने फुटत नसेल तर पुणे भागातली जुनी युक्ती करा. झोपलेल्या डोळ्याच्या किंचित वर सालीत आडवी खाच पाडा, लाकडाला जेमतेम लागेल एवढीच. वरून येणारा अंकुश तुटतो आणि तो डोळा जागा होतो. एका फांदीला तीन-चार खाचा बस.

दापोलीहून एक काका : ऑगस्टमध्ये पानांच्या मागे तपकिरी पूड दिसते आणि महिन्याभरात झाड नागडं होतं. औषध सांगा.

तांबेरा. कोकणच्या पावसात तो येणारच, काका, आणि तुमच्याकडे पावसाळी फळाची आशा मी देणार नाही. पडलेली पानं रोज गोळा करून जाळा, आळ्यात कुजू देऊ नका. पाऊस उघडीप देईल तेव्हा एक टक्का बोर्डो फवारा : १० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १० ग्रॅम कळीचा चुना अर्धा लिटरमध्ये, वेगवेगळं प्लास्टिकच्या भांड्यात विरघळवायचं आणि मग एकत्र ओतायचं. त्यात स्वच्छ लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला, नाही तर पानं भाजतील. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा. फवारा पानांच्या खालच्या बाजूला बसला पाहिजे. वरून शिंपडून काही साधत नाही. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा.

बारामतीहून एक वाचक : खोडाला भोक पडून भुसा बाहेर येतोय.

खोडकिडा. भोकात सायकलचा तार घालून आत जाईल तितका खुपसा, अळी टोचली गेली तर ओलं लागतं. मग पेट्रोलमध्ये भिजवलेला बोळा कोंबून वरून चिखलाने लिंपा. दुसऱ्या दिवशी ताजा भुसा दिसला तर आणखी एक भोक आहे, ते शोधा.

फलटणहून एक गृहिणी : फळं मोठी झालीत पण हिरवी आणि टणक. तोडून तांदळात ठेवली तर पिकली नाहीत, चिवट झाली. कधी तोडायची? बुलबुल माझ्याआधी पोचतात.

अंजीर आंब्यासारखं आढीत पिकत नाही. झाडावर पिकेल तेवढंच पिकेल. तयार फळ ओळखायचं ते मानेवरून. कच्चं फळ फांदीशी ताठ उभं असतं, पिकलं की मान टाकतं आणि खाली लोंबतं. साल मऊ होते, तिच्यावर बारीक पांढऱ्या चिरा उमटतात, रंग जांभळट-तपकिरी होतो. देठाशी तोडल्यावर पांढरा चीक ठिबकला तर तुम्ही घाई केलीत. तोडायचं सकाळी, उन्हं चढायच्या आत, आणि दोन दिवसांत संपवायचं.

बुलबुल आणि रात्री वटवाघळं, दोघांना एकच उपाय : जुन्या मलमलच्या ओढणीच्या छोट्या पिशव्या, नाडी देठाला सैल बांधून. प्लास्टिकच्या पिशव्या नकोत, आत घाम धरून फळ आंबतं.

आणि हातघाईला आलात तर भूमध्य समुद्राकडच्या लोकांची एक जुनी रीत आहे, मी दरवर्षी करते. फळाची वाढ थांबली, पण अजून टणक आहे, एखादं कापलं तर आतला गर गुलाबी व्हायला लागलाय, अशा वेळी डोळ्याला तेलाचा एक थेंब लावायचा. तिकडे ऑलिव्हचं लावतात, मी घरातलं शेंगदाण्याचं लावते. तेलामुळे फळ पिकवणारा इथिलीन वायू तयार होतो आणि शेजारच्या बिनतेलाच्या फळापेक्षा ते आठवडाभर आधी तयार होतं. फार आधी लावलंत तर पिकतं पण गोडी येत नाही, म्हणून आधी एक फळ कापून गर बघाच. कापसाची काडी घ्या, तेल डोळ्यापुरतंच, साल माखू नका. सगळ्या झाडाला एकाच दिवशी लावलंत तर सगळं एकदम पिकेल आणि बुलबुलांची दिवाळी होईल. रोज दोन-चार फळांना लावत जा.